साखरपाणी आणि जळमटं



पत्रिकेत माझा विषय छापला आहे तो 'बागेत मध पिणारे पक्षी कसे आणावेत' असा. पत्रिका घरी आली तेव्हा आमच्या यजमानांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "आपल्याकडे आलेत का कधी?" त्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर देण्यासाठी मला तासभर मिळाला आहे, असं समजून बोलते.

आले होते. पण मी बोलावलं त्यासाठी नाही.

तीन वर्षांपूर्वी माझा भाचा न्यू जर्सीहून आला. बॅगेतून बदाम, चॉकलेटं आणि एक लालभडक प्लास्टिकची बाटली निघाली. बाटलीच्या बुडाशी प्लास्टिकची फुलं, फुलांच्या मधोमध भोकं. "मावशी, यात साखरपाणी भर आणि गॅलरीत टांग. हमिंगबर्ड येतील." मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. त्याला म्हटलं, अरे, हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत, पण सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर. आपल्याकडे रानात एकही नाही. तो म्हणाला, "मग तुझ्याकडचे जे कोण असतील ते येतील." हे मात्र बरोबर होतं. आपल्याकडचे जे कोण, ते म्हणजे शिंजीर. कुणी सूर्यपक्षी म्हणतात.

बाटली टांगली. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी मधमाश्या आल्या, त्या चौथ्या दिवसापर्यंत हटल्या नाहीत. पाचव्या दिवशी पाणी आंबलं. धुऊन पुन्हा भरलं. अकराव्या दिवशी सकाळी शिंजिराची मादी आली आणि हुकाच्या तारेवर बसली. मी चहाचा कप हातात धरून श्वास रोखला. तिने प्लास्टिकच्या फुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाटलीच्या मागे कोळ्याने जाळं केलं होतं, त्यात चोच घातली, मान गोल फिरवली, शेवई काट्याला गुंडाळावी तसं जाळं चोचीला गुंडाळलं आणि गेली. पाच मिनिटांत परत आली. पुन्हा जाळंच. साखरेच्या पाण्यात माझं पाव किलो लक्ष आणि ती आपली जळमटं घेऊन चालली!

आज मी जे काही सांगणार आहे ते त्या जळमटापासून सुरू होतं.

आधी पक्षी ओळखून घेऊ. रुपयाची दोन-तीन नाणी तळहातावर ठेवा, साधारण तेवढं वजन. लांबी बोटाएवढी, चोच बाकदार. आपल्या गावात दोन हमखास दिसतात. एक जांभळा शिंजीर: नर लांबून काळा वाटतो, ऊन पडलं की निळाजांभळा पेटतो. विणीचा हंगाम सरला की हाच नर आपले राजेशाही कपडे उतरवून मादीसारखा मळकट पिवळा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते. वरातीनंतर टाय तेवढा राहिलेला नवरदेव. दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर, पोटाला पिवळाजर्द. घाटात गेलात तर आणखी दोन भेटतील, जे सह्याद्री, म्हणजेच पश्चिम घाट, सोडून जगात कुठेच नाहीत: छोटा शिंजीर आणि विगोर्सचा सूर्यपक्षी. हा दुसरा कर्नल साइक्सने १८३२ साली शास्त्राला ओळख करून दिला आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचा पहिला चिटणीस विगोर्स याचं नाव त्याला चिकटलं. पक्षी महाबळेश्वरचा, नाव आयरिश माणसाचं. असो.

हमिंगबर्ड आणि शिंजीर दिसायला भावंडं वाटली तरी नात्याने दूरची. हमिंगबर्ड पाकोळ्यांच्या जवळचे, शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गाणाऱ्या गोतावळ्यातले. दोघांनाही फुलातलं तेच अन्न हवं होतं, म्हणून दोन वेगळ्या घराण्यांत बारीक चोच आणि नळीसारखी जीभ निपजली. फरक बसण्यात आहे. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो. शिंजिरालाही क्षणभर तरंगता येतं, पण त्याला बैठक हवी. म्हणून आपल्याकडची पक्ष्यांची फुलं पाहा: पळस, पांगारा, काटेसावर. सगळी जाड फांदीवर, बसायला जागा ठेवून उमललेली. पाहुण्याला पाट मांडल्यासारखी. माझ्या भाच्याच्या बाटलीला बसायला दांडीच नव्हती.

पळसावर दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेलं काम २००३ साली प्रसिद्ध झालं. पळसाच्या फुलांवर नाना तऱ्हेचे पक्षी येतात. मैना, बुलबुल, सगळ्यांची झुंबड. पण या पक्ष्यांत परागकण नीट पोचवणारा एकच निघाला, जांभळा शिंजीर. बाकीचे जेवून जाणारे. त्याच्या जोडीला खारही थोडंफार काम करते, हे मला फार आवडलं.

आणि शिंजीर काही साधुसंत नाही, हेही सांगायला हवं. जास्वंदीच्या फुलात समोरून शिरायचा कंटाळा आला की तो देठाशी बसतो, बुडाला भोक पाडतो आणि मागच्या दाराने मकरंद नेतो. पराग-बिराग काही नाही. तुमच्या जास्वंदीच्या बुडाला बारीक चीर दिसली तर किडीचं औषध आणायला धावू नका. चोर घरचाच असण्याची शक्यता बरीच आहे.

या विषयावर आपल्याकडे बारकाईने लिहिलं सलीम अली यांनी. १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी कोकणातलं बांडगूळ आणि त्याचा शिंजीर व फुलटोच्या या पक्ष्यांशी असलेला संबंध यावर निबंध लिहिला, आणि पुढच्या वर्षी भारतातले फुलपक्षी आणि पक्षिफुलं यांवर एक मोठा लेख. बांडगुळाची कथा ऐकण्यासारखी आहे. त्याची कळी पिकली तरी आपणहून उमलत नाही. शिंजिराने येऊन चोचीने टोक दाबलं की ती फटकन उघडते आणि पराग पक्ष्याच्या कपाळावर. फळ धरलं की फुलटोच्या येतो, गर खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो. तिथे नवं बांडगूळ. एक दार उघडणारा, दुसरा पेरणारा. आंबेवाल्यांना बांडगूळ शत्रू वाटतं आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, ते कलमाचा रस पितंच. पण घराच्या मागच्या जुन्या रायवळावरचं एखादं राहू द्यायला हरकत नाही, एवढीच माझी विनंती आहे.

आता बाटली. तुम्ही मला ती विचारल्याशिवाय सोडणार नाही, म्हणून सांगून टाकते. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. उकळून गार करायचं. बहुतेक पक्षिफुलांच्या मकरंदाच्या आसपासची गोडी येते. लाल रंग घालायचा नाही, त्याची पक्ष्याला गरज नाही. मध घालायचा नाही. फुलात मध नसतोच, मकरंद असतो. मध माश्या करतात, आणि पाण्यात विरघळवलेला मध लवकर आंबतो, बुरशी धरतो. गुळाचा मोहही नको. आपल्याला तो पौष्टिक वाटतो, पण त्यातले लोहासारखे क्षार या इवल्या शरीराला झेपतीलच असं नाही. चैत्र-वैशाखात पाणी रोज बदलायचं, बाटली कढत पाण्याने आणि ब्रशने घासायची. रोज. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी टांगू नये. आंबलेलं पाणी ठेवण्यापेक्षा रिकामा हुक बरा. मुंग्यांसाठी हुकाच्या वर पाण्याची वाटी लावतात, दुधाचं पातेलं आपण परातीत ठेवतो तीच युक्ती. आणि बसायला दांडी हवी.

आणखी एक गोष्ट, जी बाटलीबरोबरच्या कागदावर लिहिलेली नसते. आपली साखर म्हणजे सुक्रोज. शिंजीर ती पचवतो. पण स्टार्लिंग या मैनेच्या कुळातल्या पक्ष्याच्या आतड्यात सुक्रोज तोडणारं पाचकद्रव्यच नसतं, असं १९८९ साली दाखवून दिलं गेलं. त्याला ती साखर पोटाला बाधते. भोरड्या आणि साळुंक्या त्याच गोतातल्या. त्या पांगाऱ्यावर, सावरीवर तुटून पडतात, कारण अशा फुलांचा रस पातळ असतो आणि त्यात साध्या, आधीच तुटलेल्या साखरा जास्त असतात. झाडाला बरोबर माहीत आहे कुणाला काय वाढायचं. आपल्या बाटलीला एकच भाजी येते.

बाहेरच्या देशांत काय करतात? न्यूझीलंडमध्ये तुई नावाचा पक्षी आहे, काळानिळा, गळ्याशी पांढऱ्या पिसांचे दोन गोंडे. तिकडची मराठी मंडळीही त्याच्यासाठी अंगणात साखरपाणी ठेवतात, मला फोटो येतात. पण वेलिंग्टन शहरात तुई पुन्हा घरोघर दिसू लागला तो बाटल्यांमुळे नाही. तिथे १९९९ साली एका दरीभोवती साडेआठ किलोमीटरहून लांब कुंपण घातलं आणि आतले बाहेरून आणलेले शिकारी प्राणी काढून टाकले. आतली पिल्लं वाचली आणि पक्षी कुंपणाबाहेर सांडू लागले. उलट ऑकलंडमध्ये अंगणात पाव आणि दाणे टाकून २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की त्याने चिमण्या आणि होले वाढले, दोन्ही बाहेरून नेलेले पक्षी, आणि तिथला मूळचा एक इवला कीटकभक्षी वटवट्या कमी झाला. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद वर्तमानपत्रात वाचताना मला हा प्रयोग आठवायचा. वाढणाऱ्याचा हात प्रेमळच असतो. पंगतीला कोण बसतं ते मात्र त्याच्या हातात नसतं.

तर मग लावायचं काय? बंगला असेल तर शेवगा लावा. शेंगा तुम्हाला, फुलं शिंजिराला, भांडण नाही. हादगा लावा. कुंपणाला धायटी जमली तर पाहा. माघ-फाल्गुनात ती तांबड्या नळ्यांनी भरते आणि शिंजीर तिथून हलत नाहीत. पांगारा लावाल तर घरापासून लांब, काटे असतात आणि फांद्या ठिसूळ. फ्लॅटवाल्यांना साधी एकेरी तांबडी जास्वंद पुरे. दुकानात मिळणारी गुच्छासारखी भरगच्च जास्वंद दिसायला देखणी, पण त्या पाकळ्यांच्या गर्दीत पक्ष्याला वाट सापडत नाही. हमेलियाचं झुडूप मूळचं अमेरिकेचं, हमिंगबर्डांसाठी घडलेलं, तरी आपल्या शिंजिरांनी ते कधीच आपलं मानलं. मला तक्रार नाही. मिरच्यासुद्धा तिकडूनच आल्या.

पण फुलांनी अर्धंच काम होतं. शिंजिराच्या पिल्लांना नुसता मकरंद चालत नाही. आई-बाप त्यांना कोळी आणि बारीक किडे भरवतात, कारण मांस धरायला प्रथिनं लागतात आणि साखरेत ती नाहीत. कुंड्यांवर दर पंधरा दिवसांनी औषध फवारणारा माणूस एका हाताने साखर वाढतो आणि दुसऱ्या हाताने पिल्लांच्या तोंडचा घास काढतो. आणि घरटं! कोळ्याच्या जाळ्याने विणलेली लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर छोटी पडवी. बाहेरून सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवलेली. लांबून पाहिलं तर वाऱ्याने अडकलेला कचरा. बांधकाम मादीचं. जांभळ्या शिंजिराची अंडीही तीच उबवते. नर आसपास गातो आणि मोटारीच्या आरशात दिसणाऱ्या आपल्याच प्रतिबिंबाशी मारामारी करतो. (पुढच्या रांगेत हसू आलं ते मी पाहिलं.)

त्या अकराव्या दिवसानंतर आमच्या गॅलरीत तेच झालं. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला पिशवी लोंबू लागली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दर महिन्याला लांब कुंचा घेऊन घरातली जळमटं काढतात आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान वाटतो. त्यांना मी सांगितलं, गॅलरीत कुंचा न्यायचा नाही. त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. मग त्यांना बाटलीच्या मागे उभं करून मादी दाखवली, चोचीला जाळं गुंडाळताना. पाहून म्हणाल्या, "बाई, ही तर आपल्यासारखीच. दुसऱ्याच्या घरचा केर नेऊन स्वतःचं घर करते." पुढचा दीड महिना आम्ही कपडे स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घातले. यजमानांचे शर्ट फोडणीचा वास घेऊन बँकेत जात होते.

दोन पिल्लं झाली. दोन आठवड्यांच्या आसपास एका सकाळी पहिलं उडालं, दुपारी दुसरं. दुसरं आधी जास्वंदीच्या कुंडीत पडलं आणि तिथून बराच वेळ माझ्याकडे रागाने पाहत बसलं. बाटली मी केव्हाच रिकामी केली होती. तिच्या मागचा कोळी मात्र अजून तिथेच, जाळं दुरुस्त करत.

संध्याकाळी मावशी कुंचा घेऊन दारात. "बाई, आता काढू?"

म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.