डोक्याचा फोटो ‘नॉर्मल’ आला तेव्हा

(मंडळीच्या आदिवासी सेवा मेळाव्यात, नाशिक येथे केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मागच्या वर्षी पेठ तालुक्यातल्या एका तरुणाच्या एमआरआयसाठी आपण वर्गणी काढली होती. तिचा हिशेब द्यायला मी उभा आहे. फोटो निघाला, रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्या रिपोर्टनेच मुलाचे नुकसान झाले. दोष माझा आहे.

त्याचे नाव सांगत नाही. त्याला त्याच पाड्यावर राहायचे आहे. तो दिंडोरीकडे द्राक्षछाटणीला जायचा. एका हंगामात मध्येच परत आला. रात्री बांधावर बसून कोणाशी तरी बोलायचा, जेवणात विष घातलंय म्हणायचा. घरच्यांनी भगताला कोंबडे दिले, आपण उपवास-प्रार्थना केली. शेवटी सरकारी दवाखान्यात स्किझोफ्रेनिया म्हणून निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि लागूही पडू लागल्या. पण मला वाटले, आजार मेंदूचा तर मेंदूचा फोटो हवाच. डॉक्टरांनी सांगितला नव्हता, हट्ट मी धरला. रिपोर्ट ऐकून चुलते म्हणाले, “डोकं चांगलंय ना? मग पोरगं सोंग करतंय.” गोळ्या बंद. आवणीच्या दिवसांत गेलो तेव्हा तो गोठ्यात दोरीने बांधलेला होता.

त्यानंतर मी वाचायला बसलो. मी काही डॉक्टर नाही, धर्मशास्त्राचा डिप्लोमा केलेला माणूस. चुकलो तर आपल्यातल्या नर्स भगिनींनी कान धरावा.

आपल्या मेंदूत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. १९७६ साली लंडनमधल्या नॉर्थविक पार्क इथे ईव्ह जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन करून पाहिले, तर जुन्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत या पोकळ्या मोठ्या दिसल्या. रुग्ण २०हून कमी होते, पण ते काम गाजले. कारण तोवर कित्येक तज्ज्ञ या आजाराचे खापर आईच्या वागण्यावर फोडत होते. पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या नॅन्सी अँड्रियासन यांनी १९८६ मध्ये एमआरआयने असाच अभ्यास केला. या बाई मुळात इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापिका. जॉन डन या कवी-धर्मगुरूवर त्यांचे पुस्तक आहे. बाळंतपणात जंतुसंसर्ग झाला, औषधाने वाचल्या आणि मग डॉक्टरकीकडे वळल्या.

पण फोटोतला हा फरक सरासरीचा आहे. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात. म्हणून नुसते ‘पाच फूट चार इंच’ सांगितले तर तो पुरुष की बाई, ओळखाल का? तसेच इथे. पुष्कळ रुग्ण आणि पुष्कळ निरोगी माणसे शेजारी ठेवली की फरक दिसतो. एकट्याच्या फोटोवरून या आजाराचे निदान होत नाही. गाठ, संसर्ग, डोक्याला मार अशी शंका आली तर डॉक्टर फोटो काढायला सांगतात, आणि तेव्हा तो काढायलाच हवा. आमचा नॉर्मल रिपोर्ट एवढेच सांगत होता की असले काही दिसत नाही. आजार नाही असे त्यात कुठेच लिहिले नव्हते. ते आम्ही आमच्या मनाने वाचले.

याच अँड्रियासनबाईंनी १९८०च्या दशकात आणखी एक काम केले, आणि मला ते जास्त मोलाचे वाटते. भास-संशय सगळ्यांना दिसतात. पण बोलणे आटणे, चेहरा कोरा होणे, अंघोळ सुटणे, कशातच मन न लागणे, हीसुद्धा आजाराचीच लक्षणे म्हणून मोजायची मोजपट्टी त्यांनी तयार केली. त्याची आई मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “बहीण सासरहून आली, तरी याच्या तोंडावर काही हललं नाही.” मी वहीत लिहून घेतले : आळशी झाला आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आपल्या महाराष्ट्रातले जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. पत्नीला हाच आजार झाला. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि २००४चा ‘देवराई’ चित्रपट त्यांच्याच पाठबळाने झाला. त्यात अतुल कुलकर्णी रुग्ण आहेत आणि त्यांना सांभाळणारी बहीण सोनाली कुलकर्णी. देवराई म्हणजे काय हे पाड्यावर समजावून सांगावे लागणार नाही. प्रोजेक्टर दुरुस्त झाला तर दाखवू या.

प्रार्थना थांबवा असे मी म्हणणार नाही, मीही थांबवलेली नाही. पण गोळी चुकली की नाही, हे त्याच तोंडाने विचारत जा. कोणाच्या घरी असे काही दिसले तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो.

मुलाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. दोरी सुटली. आवाज अजून येतात, पण कमी. नागली निंदायला जातो; मध्येच उठून घरी येतो, आई काही बोलत नाही. चुलत्यांची समजूत अजून पटलेली नाही.

वर्गणीतले थोडे पैसे उरले होते, ते एसटीच्या भाड्याला लावले. महिन्यातून एकदा त्याला नाशिकला आणावे लागते आणि आई एकटी घाबरते. पुढच्या तारखेला मला जमणार नाही. पाड्यावर आदल्या रात्री मुक्काम करावा लागेल, गाडी पहाटेची आहे. कोण येतंय, ते आज जेवणाच्या आधी मला सांगा.