गाणे ऐकायला सुरुवात कुठून करावी?

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मी गायक नाही, समीक्षक तर नाहीच. रेल्वेत रुळांच्या कामावर असलेला डिप्लोमावाला इंजिनिअर आहे. तरी या विषयावर बोलायला उभा आहे, त्याला कारण आहे. आपल्या उत्सवात गायनाची एक संध्याकाळ असते. कलाकार ख्याल सुरू करतात आणि अर्धी मंडळी उठून बाहेर गप्पा मारायला जातात. अभंग लागला की परत येतात. तेव्हा पुढच्या वर्षी ही संध्याकाळ ऑर्केस्ट्राला द्यावी, अशी सूचना समितीपुढे आली आहे. निर्णय होण्याआधी माझे दोन शब्द ऐकावेत, ही विनंती.

"आम्हाला त्यातले काही कळत नाही," असे बहुतेक जण म्हणतात. मला वाटते, आपण सुरुवातच अवघड टोकाकडून करतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा इतक्या संथ चालतात की सम येऊन गेली तरी नवख्याला पत्ता लागत नाही. कंटाळा येणारच.

त्यापेक्षा मध्य लयीतली, तीनतालातली एखादी बंदिश घ्यावी. दहा मिनिटे पुरेत. मात्रा सोळा. गायकाकडे मागाहून लक्ष द्या, आधी तबल्याच्या डग्ग्याकडे कान ठेवा. तो घुमत असतो. नवव्या मात्रेला खाली येते आणि त्यापुढे काही मात्रा डग्गा गप्प होतो. चौदाव्या मात्रेला तो पुन्हा बोलू लागला की तीन मात्रांनी सम. गायक कितीही लांब फिरून आला तरी नेमका तिथे पोहोचतो आणि आपली मान आपोआप हलते. पूर्वी रुळांच्या जोडांवर गाडीचा ठेका ऐकू येई, त्याची अशीच सवय होऊन जायची. (आता लांब वेल्डिंगच्या रुळांवर तो ठेका उरला नाही. प्रवाशांना बरे, मला मात्र चुकल्यासारखे वाटते.)

दुसरी गोष्ट रागाची. महिनाभर एकच राग ऐकावा. मी भूप सुचवतो, कारण त्यात पाचच स्वर आहेत : सा, रे, ग, प, ध. 'स्वयंवर' नाटकातले 'सुजन कसा मन चोरी' हे पद भूपातलेच आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक असते. ते आधी ऐका, मग किशोरीताई आमोणकरांचे 'सहेला रे' ऐका. मोबाईलवर दोन्ही मिळतात. रागाचे नाव ठाऊक नसले तरी चेहरा ओळखीचा वाटेल.

आता झाशीकरांसाठी खास. आपल्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर ग्वाल्हेर आहे. नवख्याने ग्वाल्हेरची गायकीच आधी ऐकावी असे मला वाटते. बंदिशीचे शब्द स्पष्ट, राग प्रसिद्ध आणि सरळ, विलंबितही फार रेंगाळणारे नाही. कृष्णराव शंकर पंडितांची (1893-1989) ध्वनिमुद्रणे ऐकून पाहा.

महाराष्ट्रात ख्याल रुजला तो बऱ्याच अंशी याच गावातून. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849-1926) ग्वाल्हेरला येऊन वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ती विद्या मिरज, इचलकरंजीकडे घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भीमसेन जोशी तर लहानपणी घर सोडून ग्वाल्हेरला निघाले, ते विनातिकीट, गाड्यांत गाणी म्हणत. रेल्वेचा माणूस म्हणून मी याचे समर्थन करू शकत नाही! पण मुंबईहून भोपाळमार्गे ग्वाल्हेरला जाणारा रूळ आपल्या स्टेशनातूनच जातो, हे सांगताना अभिमान वाटतो.

आपली मुले इथेच जन्मली, घरात निम्मी हिंदी बोलतात. मराठी नाटकाचे सगळे संवाद त्यांना समजतीलच असे नाही. बंदिशींची ब्रज भाषा मात्र त्यांना आपल्यापेक्षा जवळची आहे. ही बाजू समितीने अवश्य विचारात घ्यावी.

माझी सूचना अशी. गायनाची संध्याकाळ ठेवावी, पण कलाकारांना विनंती करून पहिला राग अर्ध्या तासात बसवावा आणि तबलजींनी सुरुवातीला पाच मिनिटे ठेका वाजवून सम-खाली दाखवावी. डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेनाच्या समाधीपाशी तानसेन समारोह असतो. गाडीने दीड तासाचा प्रवास. ज्यांना यायचे असेल त्यांनी आरतीनंतर माझ्याकडे नावे द्यावीत. तिकिटे मात्र सर्वांनी काढायची आहेत.