'सैराट'मधला अर्धा राहिलेला तास
(इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं भाषण)



'सैराट' लागला २९ एप्रिल २०१६ ला. आपल्याकडच्या बायकांनी तो दोनदोन, तीनतीनदा पाहिला. आणि का पाहू नये? उजनीचं पाणी अलीकडे इंदापूरला लागतं, पलीकडे करमाळ्याला. सिनेमा त्याच करमाळ्याच्या मुलुखातला. आर्चीचा ट्रॅक्टर, तिची बुलेट, यावर आपण भरपूर बोललोय. आज मला एका लहानशा प्रसंगाबद्दल बोलायचंय.

कॉलेजात लोखंडे सर दलित कविता शिकवतायत. नामदेव ढसाळांचं नाव निघतं. पाटलांचा प्रिन्स भर वर्गात फोनवर बोलतोय. सर हटकतात, तर तो सरांच्याच कानाखाली वाजवतो. मी पाहिला तेव्हा थिएटरात काही पोरं हसली. तास तिथंच राहिला.

दिग्दर्शक नागराज मंजुळे स्वतः कवी आहेत. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा संग्रह. तेव्हा वर्गात ढसाळच यावेत हे मला सहज झालेलं वाटत नाही. ढसाळ आपल्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले. १९७२ साली त्यांचा 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी दलित पँथरही उभी राहिली. गोलपिठा ही मुंबईची वेश्यावस्ती. जिच्याकडे पाहून सभ्य साहित्य नाक मुरडायचं, त्या बाईला त्यांनी कवितेत आणलं. प्रिन्सला यातलं काही ठाऊक नसणार. पण आपल्याला अडवणारा मास्तर कोण, हा त्याचा माज आहे. आणि बहिणीच्या लग्नानंतर शेवटी तोच माज सुरा घेऊन तिच्या दारात येतो.

आता दुसरी थप्पड. ती हैदराबादला बसते आणि ती मारतो परश्या! अभ्यासात हुशार, आर्चीसाठी झुरलेला, स्वतः जातीचे चटके सोसलेला. कामावरच्या पुरुषाशी ती बोलते, एवढ्यावरून संशय. मंजुळ्यांनी हे झाकलं नाही, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

मध्यंतरी एका गावात बायकांना विचारलं, सिनेमातली कुठली थप्पड लक्षात राहिली? सगळ्यांनी मास्तरांची सांगितली. दुसरी एकीलाच आठवत होती. ती पदर सावरत म्हणाली, "ताई, तेवढं तर चालायचंच की."

मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. म्हणून आज तुमच्यापुढे ठेवलंय. बोला.