जुन्या सामानाचा एक रविवार



सचिवांनी मला 'संस्थेची आर्थिक वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण ताळेबंद स्मरणिकेत छापलाच आहे. तो वाचून दाखवून तुमचं जेवण लांबवत नाही. त्याऐवजी गेल्या दिवाळीआधीच्या एका रविवारचा हिशेब सांगतो. तो अजून जुळलेला नाही.

आपल्याकडे जुनं सामान बाहेर निघतं ते दिवाळीच्या साफसफाईत. एरवी जुने कपडे भांडेवालीकडे जातात, लोखंड आणि रद्दी कबाड्याकडे. गेल्या वर्षी मात्र आपल्या लेआऊटमधल्या चार-पाच घरांनी ठरवून एकाच दिवशी अंगणात सामान मांडलं. कुणाचा मुलगा नागपूरला, कुणाची मुलगी पुण्याला. घरं आवरती घ्यायची वेळ आलेली. गुरुजी, फॉरेस्टवाले भाऊ आणि मी, असे आम्ही तिघं चहा झाल्यावर पिशव्या घेऊनच निघालो.

मला या कामाचा अनुभव आहे. नोकरीत असताना पुण्याला बदली झाली होती, तेव्हा मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जायचो. बुधवारी आणि रविवारी भरतो तो. कुलपं, नाणी, पान्हे, एकाच पायाचा बूट, सगळं फडक्यावर पसरलेलं. बँकेतल्या एका सहकाऱ्याने मला तिथली विद्या शिकवली. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचंच नाही. शेजारची उचलायची, तिचा भाव विचारायचा, नाक मुरडायचं आणि उठता उठता म्हणायचं, "अन् हे केवढ्याला?" सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून खाली सुरुवात करायची. नाही जमलं तर दोन पावलं चालू लागायचं. हाक येतेच. विकणाऱ्यानेही भाव सांगताना तुमच्या घासाघिशीची जागा ठेवलेली असते, त्यामुळे दोघंही खूश.

तर पहिल्याच अंगणात भाऊंनी गॅसबत्ती घेतली. तिची जाळी मिळत नाही, रॉकेल मिळत नाही, तरी घेतली. "असू द्या जी, जंगलातल्या मुक्कामाची आठवण." गुरुजी चरखा शोधत होते. १९३६ साली आपल्या सावलीत गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं होतं, गांधीजी स्वतः आले होते. तेव्हा सावलीतल्या एखाद्या माळ्यावर तरी त्या वेळचा चरखा असणारच, असं गुरुजींचं ठाम मत. मिळालं शिवणयंत्राचं लाकडी झाकण, यंत्राशिवाय. तेही त्यांनी घेतलं!

तिसऱ्या घरी मला पितळेची पायली दिसली. आसोलामेंढ्याच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या आपल्या तालुक्यात पायली म्हणजे काय, हे आता नातवंडांना सांगावं लागतं. १९५८ पासून किलो-लिटर आले, बँकेत आम्ही सगळे कागद क्विंटलने रंगवले, पण खळ्यावर मजुरी मोजायची ती पायलीनेच. लहानपणापासून हे भांडं माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी अर्थातच शेजारचा अडकित्ता उचलला.

घर आपल्या एका दिवंगत सभासदाचं. वहिनी नागपूरला मुलाकडे निघालेल्या. पायलीचे त्यांनी नऊशे सांगितले.

"वहिनी, मोडीत याचे पाचशेही येणार नाहीत," मी म्हणालो आणि दोन पावलं चाललो.

"भाऊजी, न्या ना जी. साडेपाचशे द्या."

मी दिले. परत येताना मी फुशारकीत होतो. गुरुजी काहीच बोलत नव्हते.

घरी हिने पायली चिंचेने घासली, तर बुडाखाली अक्षरं निघाली. वहिनींच्या वडिलांचं नाव आणि लग्नाची तारीख. आंदणात आलेली वस्तू होती. ही एवढंच म्हणाली, "आपल्या स्लॅबच्या दिवशीचं सिमेंट आठवते ना?"

आठवलं. आमचा स्लॅब पडत होता आणि सिमेंटच्या अकरा गोण्या कमी पडल्या. दुकान बंद, मजूर वर उभे. त्याच घरातून गोण्या आल्या. किती द्यायचे, असं विचारलं तर वहिनींचे यजमान म्हणाले होते, "तुमचं सिमेंट आलं की अकरा टाकून द्या." मी महिन्याने टाकल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना व्याज लावणारा माणूस मी, पण माझ्या त्या कर्जाला कागद नव्हता, जामीन नव्हता, व्याजही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनशे रुपये पाकिटात घालून गेलो. वहिनी पोती बांधत होत्या. पाकीट हातात घेतलंच नाही.

"सौदा झाला ना जी. साडेपाचशे नाही म्हटलं असतं तर नेली असती का तुम्ही?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "कबाडी चारशे म्हणत होता. तुमच्या घरी तरी वापरात राहील."

ते पाकीट मी सोसायटीच्या खजिनदारांकडे दिलं. त्यांनी विचारलं, कोणत्या खात्यावर जमा करू? देणगी लिहू, की वस्तूच्या किमतीची बाकी? ऑडिटरला काय सांगायचं? बँकेत छत्तीस वर्षं काढूनही मला खातं सुचलं नाही. पाकीट अजून कपाटात आहे, विनापावतीचं.

आजच्या पंगतीचा तांदूळ त्याच पायलीने मोजला आहे. वहिनी नागपूरहून आल्या आहेत, पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पैसे कोणत्या खात्यावर टाकायचे, ते आता त्यांनीच खजिनदारांना सांगावं. मी खाली बसतो.