परीक्षा संपली ते कॉलेज सुरू होईपर्यंत

(दहावीची परीक्षा दिलेल्या मुली आणि त्यांच्या आया यांच्यापुढे अहमदपूर इथे केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, पोरींनो, आणि मागं दाराशी उभं राहून ऐकणाऱ्या चार-दोन बापमंडळींनो, तुम्हीही आत येऊन बसा. आजचं बोलणं निम्मं तुमच्याशीच आहे.

मला विषय दिलाय 'अकरावीची तयारी'. अशा भाषणात पाहुणे सांगतात की पहाटे उठा, पाढे पाठ करा, इंग्रजी वाचा. त्यातलं थोडं मीही शेवटी सांगणार आहे. पण मला असं दिसतं की आपल्या भागात अकरावीची तयारी पोरीपेक्षा घरानं जास्त करायची असते. पोरगी तयारच असते. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यात मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण ९६.१४ टक्के होतं, मुलांचं ९२.३१. दरवर्षी निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात ओळ येते, 'यंदाही मुलींची बाजी'. त्या बाजी मारलेल्या मुली ऑगस्टमध्ये कुठं असतात, हे मात्र कुणी छापत नाही.

जरा दिवस मोजून बघा. शेवटचा पेपर मार्चच्या मध्यावर होतो. २०२५ साली निकाल लागला १३ मे रोजी. अकरावीची पहिली यादी लागायला जूनची अखेर आली, आणि बऱ्याच ठिकाणी वर्ग भरायला ऑगस्ट उजाडला. म्हणजे चार-साडेचार महिने पोरगी घरात. शाळेतून नाव निघालेलं, कॉलेजात लागलेलं नाही. ह्या काळात ती कुठल्याच हजेरीपटावर नसते. ती आली नाही म्हणून विचारणारे सर नाहीत, बाई नाहीत. आणि नेमकी हीच लग्नसराई. गावात मांडव पडलेले, पाहुणे आलेले, चार बाया बसल्या की नजर पोरीवर जाते. "मोठी झाली की हो. दहावी झाली ना? मग आता?"

तो 'मग आता?' साधा नसतो, हे आपण सगळ्या जणी जाणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांना विचारलं होतं की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. महाराष्ट्रात शंभरातल्या सुमारे बावीस जणींनी हो सांगितलं. आपल्या शेजारच्या बीड आणि परभणी जिल्ह्यांत हा आकडा चाळीसच्या पुढं गेला. कायदा आजचा नाही. १९२९ साली शारदा कायदा झाला, २००६ साली नवा कायदा आला. मुलीचं वय अठरा पूर्ण हवं. दहावी झालेली पोरगी पंधरा-सोळा वर्षांची असते, ह्यात हिशोब करण्यासारखं काही नाही. खेड्यात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. १०९८ हा फोन मुलांसाठी रात्रंदिवस चालू असतो, त्याला पैसे लागत नाहीत. पोरींनो, हा आकडा वहीवर लिहून ठेवू नका, पाठ करा. वही कुणीही उघडतं.

आता काही घरं म्हणतील, आम्ही लग्न लावत नाही, आम्ही ॲडमिशन घेतो. ते चांगलंच. पण त्यातही एक प्रकार असा आहे की ज्याविषयी उघड बोललं पाहिजे. तो म्हणजे नावापुरता प्रवेश. जवळच्या कॉलेजात कला शाखेला नाव घालायचं, वर्षभर पोरगी वावरात आणि चुलीपुढं, परीक्षेला तेवढी जायची. स्थळ आलं तर सांगायला बरं, 'अकरावीला आहे'. कला शाखेला मी नावं ठेवत नाही, उलट पुढं सांगणार आहे की तिच्यातून किती वाटा निघतात. पण ज्या कॉलेजात पोरगी जातच नाही तिथं शाखा कुठलीही असो, काय फरक पडतो? कॉलेज म्हणजे निव्वळ पास होणं नव्हे. घराबाहेर रोज पाच-सहा तास स्वतःच्या नावानं वावरणं, ग्रंथालयाचं कार्ड, मैत्रिणी, बाईंना अडलेलं विचारणं, एसटीत स्वतःची जागा धरणं, हे सगळं त्यात येतं. तेवढंच काढून घेतलं तर उरतो तो परीक्षेचा नंबर.

ह्याच्या उलट टोकाला आहे लातूर. लातूर पॅटर्न आपल्याला कुणी सांगायला नको. राजर्षी शाहू, दयानंद ह्या कॉलेजांनी जादा तास, सुट्टीतले वर्ग, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा अशी घडी बसवली, नि गरीब घरातली मुलंही डॉक्टर-इंजिनीअर झाली. ती मेहनत खरी होती. पण आज लातूर म्हटलं की कॉलेजपेक्षा शिकवण्या, खोली आणि मेस आठवते, आणि त्यांचा मिळून जो आकडा होतो तो ऐकून बाप गप्प बसतो. मग घरात एक हिशोब होतो. तो कुणी मोठ्यानं बोलत नाही. पोरासाठी जमीन गहाण ठेवायची तयारी असते, आणि पोरीला सत्तर टक्के जास्तीचे असले तरी 'इथंच बघू'. मी असं म्हणत नाही की प्रत्येक पोरीला लातूरला पाठवा. कर्ज काढून नीटच्या मागं लागणं पोरालाही झेपेल असं नाही. मी एवढंच म्हणते की हिशोब दोघांना एकच मांडा. आणि तो पोरीसमोर मांडा. आपल्याकडे पैसे किती आहेत, हे सोळा वर्षांच्या लेकराला कळतं. कळत नाही ते हे, की आपल्याला न विचारता का ठरलं.

शाखेविषयी थोडक्यात सांगते, कारण चुकीच्या समजुती फार आहेत. 'सायन्स घेतलं तरच नोकरी' ही त्यातली मोठी. पोलीस भरतीला बारावी पास लागते, शाखा कुठलीही चालते. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कुठल्याही शाखेतून करता येतो. नर्सिंगचा जीएनएम कोर्स कला शाखेच्या मुलीलाही करता येतो, फक्त इंग्रजी हवं. बीएस्सी नर्सिंगला मात्र सायन्स आणि त्यात बायोलॉजी लागतं. इंजिनीअर व्हायचं तर गणित सोडून चालत नाही, डॉक्टर व्हायचं तर बायोलॉजी. आणि अकरावीला जायलाच हवं असंही नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे, लातूरला सरकारी पॉलिटेक्निक आहे. आयटीआय आहे. 'मुलींनी आयटीआयला कुठं जायचं' असं म्हणतात. का, पाना-पक्कड हातात धरायला दाढीमिशा लागतात का?

आता फॉर्मचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. आधी तो मुंबई-पुण्यासारख्या पाच-सहा शहरांपुरता होता. आता अहमदपूरच्या पोरीलाही संगणकावरच फॉर्म भरायचा आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात माहिती, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती, एकपासून दहापर्यंत. २०२५ चा नियम असा होता की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घेतलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणजे पहिल्या नंबरला काय लिहिलं ह्यावर पोरीची दोन वर्षं ठरतात.

आणि लिहितं कोण? बहुतेक ठिकाणी पोरगी नाहीच. नेट कॅफेवाला लिहितो. चुलतभाऊ लिहितो. मोबाईल नंबर दादाचा, ओटीपी दादाच्या फोनवर, पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत. यादी लागल्याचा निरोप आला तो दादाला, आणि दादा त्या दिवशी मोंढ्यात. प्रवेश निश्चित करायची मुदत तीन-चार दिवसांची, ती गेली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. पण घरात फोन एकच आणि तो पुरुषाच्या खिशात, मग पोरीचं भविष्यही त्याच खिशात राहतं. म्हणून बायांनो, फॉर्म भरताना नंबर असा द्या जो दिवसभर घरात असतो. तुमचा असेल तर तुमचा द्या. पासवर्ड पोरीनं स्वतः ठेवायचा. कॉलेजांची यादी आदल्या रात्री कागदावर, पोरीच्या हस्ताक्षरात लिहा, नि कॅफेत तो कागद समोर ठेवून भरून घ्या. भरलेल्या फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. कॉलेजचं नाव लिहिताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, ते बघा. शासकीय आणि अनुदानित ठिकाणी मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. विनाअनुदानितचा हिशोब वेगळा, तिथं आधी विचारा.

कागदपत्रं आत्ताच काढा. निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला. नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर आणि गुणपत्रिकेवर एकच आहे का, ते डोळ्यांनी बघा. गुणपत्रिकेवर आईचंही नाव असतं. ते तरी बरोबर छापलंय का बघा, आपलं नाव छापायचे प्रसंग आपल्या आयुष्यात थोडेच. पोरीच्या नावानं बँकेत खातं उघडा आणि ते आधारशी जोडा, शिष्यवृत्ती त्यावरच येते. सायन्सला जाणाऱ्या मागासवर्गीय मुलींनी जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांचे हाल सगळ्यांनी पाहिलेत.

पैशाचं आणखी एक. प्रवेशाचा खर्च येतो तो जून-जुलैत, आणि आपल्या घरात तेव्हाच सगळ्यात कडकी. बी-खतात पैसा गेलेला, सोयाबीनचा पैसा यायला दिवाळी. त्यामुळं फी माफ असली तरी पुस्तकं, गणवेश, चप्पल, दप्तर ह्यासाठी दोन-तीन हजार निघत नाहीत आणि 'पुढच्या वर्षी बघू' होतं. पुढच्या वर्षी तिचं काय होतं ते वर बोलले. बचत गटातल्या बायांनी मे महिन्यातच ठरवावं की जूनचं पहिलं कर्ज अकरावीच्या पोरींसाठी. म्हशीला देतो तर पोरीला का नाही? आणि पेरणीला पोरगी लागते हे खरं, पण प्रवेशाच्या दिवशी एक मजूर जास्तीचा लावा. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, तेव्हा भाड्याचं कारण कुणी सांगू नये.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. शिरूर ताजबंद, किनगाव, हाडोळतीकडून येणाऱ्या पोरी एसटी स्टँडवर उतरतात. तिथं पोरं उभी असतात. कुणी काही बोलतं, कुणी चिठ्ठी देतं, कुणी फोटो काढतं. पोरगी घरी सांगत नाही. का? सांगितलं की कॉलेज बंद, हे तिला पक्कं ठाऊक असतं. छेड काढणारा उद्याही स्टँडवर असतो, घरी बसते ती पोरगी. आणि पोरगी सांगत नाही म्हणून त्या पोराचं धाडस वाढतं. हा फास आईनं सोडवायचा आहे, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी. आज रात्री जेवणं झाल्यावर पोरीला जवळ बसवा आणि सांगा: 'काहीही झालं तरी मला सांग. सांगितलंस म्हणून तुझं कॉलेज बंद होणार नाही.' बापाच्या देखत सांगा, म्हणजे त्यालाही बांधलं जाईल. बापमंडळी, तुम्ही मान हलवलीत तरी पुरे. मग कधी काही झालंच, तर आपण चार जणी मिळून प्राचार्यांकडे जाऊ, स्टँडवर जाऊ, पोलीस ठाण्यात जाऊ. कॉलेजात मुलींच्या तक्रारीसाठी समिती कुठली, तिच्यात बाई कोण, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवा. एकाच गावच्या पोरींनी एकाच बसनं जायचं-यायचं. मुतारी आहे का, पाण्याची सोय आहे का, हेही विचारायला लाजू नका. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या पोरी मी बघते, आणि मग महिन्यातले चार दिवस त्या येतच नाहीत.

राहिला अभ्यास. सायन्सला जाणार असाल तर पहिला धक्का भौतिकशास्त्राचा नसतो, भाषेचा असतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोरीला बल येतं, त्वरण येतं, आम्ल येतं, पेशी येते. अकरावीला सर बोर्डावर फोर्स, ॲक्सिलरेशन, ॲसिड, सेल लिहितात आणि तिला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. येत असतं, शब्द बदललेले असतात. ह्या सुट्टीत दहावीचीच विज्ञानाची दोन पुस्तकं घ्या, एक मराठी, एक इंग्रजी माध्यमाचं, आणि दोन रकान्यांची वही करा. रोज दहा शब्द. दोन महिन्यांत सहाशे होतात. क्लास लागत नाही, पैसे लागत नाहीत. कलेला जाणाऱ्यांनी रोज एक अग्रलेख वाचून त्यावर स्वतःच्या शब्दांत दहा ओळी लिहाव्यात. कॉमर्सवाल्यांनी घरच्या खर्चाची वही ह्या महिन्यापासून स्वतः लिहावी, म्हणजे घरात पैसा कुठून येतो नि कुठं जातो तेही कळेल.

बारावीनंतरचा खर्च आत्तापासून मनात धरून कुणी पोरीला थांबवत असेल, तर एक माहिती देऊन ठेवते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी सरकार भरतं. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या योजना आहेत. दूर शिकायला जाऊन वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना अकरावीपासूनच आहे.

मी थांबते. आता प्रश्न. आधी पोरींनी विचारायचे, आया नंतर. आणि जायच्या आधी प्रत्येकीनं त्या टेबलावरच्या वहीत गावाचं नाव आणि बसची वेळ लिहा. एका बसच्या पोरी किती होतात ते आजच कळू द्या.