औषधांची पिशवी आणि वार्धक्याचे स्वास्थ्य

(हुडकेश्वर येथे ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरच्या दक्षिणेचे हुडकेश्वर हे एके काळी शेतीवाडीचे गाव. आता येथे लेआऊटला लेआऊट लागलेले आहेत. कुणी शिक्षक, कुणी पोस्टातला, कुणी वीज मंडळातला. निवृत्तीच्या पैशातून दोन मजली घर बांधले, वरचा मजला मुलासाठी ठेवला. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला गेला आणि वरच्या मजल्याला कुलूप लागले. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. म्हणून वार्धक्याचे आरोग्य हा आता घरोघरचा विषय झाला आहे.

या विषयाचा आरंभ औषधांच्या पिशवीपासून करणे योग्य ठरेल. ज्येष्ठांच्या प्रत्येक घरात ती असते. मधुमेहाच्या डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी, हृदयाच्या डॉक्टरांची वेगळी, गुडघ्यांची वेगळी. प्रत्येक वैद्य आपापल्या परीने बरोबर असतो. पण चारही चिठ्ठ्या एकत्र ठेवून वाचणारा कुणीच नसतो. आपल्या देशात एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जाते. टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांनी एका नावाने व दुसऱ्यांनी दुसऱ्या नावाने दिली, तर घरातल्या माणसास ती दोन औषधे वाटतात. पोटात मात्र दुप्पट मात्रा जाते, आणि सकाळी उठता उठता चक्कर येते.

यापुढची साखळी अधिक बारकाईने पाहिली पाहिजे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू झाले. काही जणांच्या पावलांना त्यामुळे सूज येते. हा त्या गोळीचा ज्ञात परिणाम आहे. पण सूज दिसली की ती मूत्रपिंडाची किंवा हृदयाची समजून लघवी वाढवणारी गोळी जोडली जाते. त्या गोळीपायी रात्री तीनदा उठावे लागते. अंधारात, ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. घरचे म्हणतात, ‘आजोबा पडले’. वस्तुतः पडण्याचे कारण एका गोळीचा परिणाम नवा आजार समजून दिलेल्या दुसऱ्या गोळीत असते. वैद्यकशास्त्रात ही गोष्ट सुपरिचित आहे. घरोघरी मात्र ती अजून पोचलेली नाही.

त्यात नागपूरचा उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घाम वाहतो, म्हाताऱ्या माणसास तहान कमी जाणवते, आणि लघवीची गोळी चालूच राहते. रक्तातील सोडियम घटते. माणूस असंबद्ध बोलू लागतो, घरातलीच माणसे ओळखेनासा होतो. ‘आता बुद्धी गेली’ म्हणून घरचे हात टेकतात. प्रत्यक्षात एका साध्या रक्ततपासणीने निदान होते आणि बहुतेकदा उपायही होतो. अचानक, एक-दोन दिवसांत आलेला बुद्धिभ्रम हा स्मृतिभ्रंश नव्हे. तो तातडीने रुग्णालयात नेण्याचा प्रसंग आहे. एप्रिल-मेमध्ये गोळ्यांची मात्रा बदलावी काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. आपल्या मनाने बंद करू नये.

गुडघेदुखीची कथा अशीच. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी दुकानातून सहज मिळते. ती रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडावर ताण आणते, जठरात रक्तस्राव घडवू शकते. रक्तदाब वाढला की आणखी एक गोळी येते. याहून घातक म्हणजे ‘वनस्पतीजन्य’ म्हणून दिली जाणारी विनानावाची पूड. दोन दिवसांत गुण आला म्हणून तिची कीर्ती होते. पण अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. आयुर्वेदाचा मान राखायचा तर वेष्टनावर नाव, घटक आणि उत्पादक नसलेले औषध घरात येऊ देऊ नये.

झोपेच्या गोळीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. वयानुसार झोप हलकी व तुटक होते. दुपारी दोन तास निजल्यावर रात्री नऊला झोप येणार कशी? अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तोल जातो, स्मरण मंदावते, सवय लागते. ज्यांना ती वर्षानुवर्षे चालू आहे, त्यांनी मात्र एका दिवसात सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. तसेच एकादशी किंवा चतुर्थीच्या उपवासाचे. मधुमेहाची गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर धोकादायक पातळीवर उतरते, आणि ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळीचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. उपवास करायचा तर मात्रा आधी विचारावी. देवाची त्याला हरकत नसावी.

शाकाहारी घरांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन ती वाढवते. तळपायांना मुंग्या, विस्मरण, थकवा ही लक्षणे वयाच्या खात्यावर जातात. श्रवणयंत्र, मोतीबिंदू, प्रतिबंधक लसी यांचीही अशीच उपेक्षा होते. व्यायामात केवळ चालणे पुरेसे नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठण्याचा सराव मांड्यांना बळ देतो, आणि पडणे टाळण्यास त्याचा मोठा उपयोग होतो.

आता मनाचा विचार. भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास, ज्याची पहिली फेरी २०१७-१८ साली झाली आणि अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात साठीपुढील तीस हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. प्रश्नावलीनुसार त्यांतील सुमारे आठ टक्के नैराश्यग्रस्त असावेत असे दिसले. तसे निदान डॉक्टरांकडून झालेले जेमतेम एक टक्काही नव्हते. म्हणजे दहांतील नऊ जण नुसते सोसत असतात. वृद्धांचे नैराश्य रडत नाही. ते अंग दुखते म्हणते, भूक नाही म्हणते, देवळात जाणे सोडते. जोडीदार गेल्यावर शोक स्वाभाविकच आहे; पण महिनोन्‌महिने अन्नावरची वासना उडाली, जगणे नकोसे झाले, तर तो उपचारयोग्य आजार समजावा. १४४१६ या ‘टेलिमानस’ सेवेच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा साहाय्यक्रमांक वेगळा आहे.

अशा वेळी सुनेकडे बोट दाखवण्याची आपल्या समाजात प्रथा आहे. ती अन्यायकारक आहे. सासूच्या गोळ्या, मुलांचा अभ्यास आणि नोकरी सांभाळणाऱ्या तिलाही विसावा लागतो. दूर राहणाऱ्या मुलाने दर महिन्यास पैसे पाठवावेत, तितकेच महत्त्वाचे म्हणजे वर्षातून दोनदा स्वतः येऊन औषधांची पिशवी टेबलावर उपडी करावी. मुदत संपलेल्या, दुहेरी व कारण न आठवणाऱ्या गोळ्या वेगळ्या काढाव्यात. एका कागदावर औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि हेतू लिहावा. तो कागद घेऊन एकाच डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे, यातली कोणती आता नको? जनऔषधी केंद्रातही मूळ नावानेच औषध मिळते; खर्च कमी होतो आणि नावांचा गोंधळही.

२०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबागणिक वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात येत नाही. कार्डासाठी आधार लागते. बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्रास ते ओळखता न आल्यास चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकावरून ओळख पटवता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे काय, हे घरी जाताच पाहून घ्यावे.