झोपेतील श्वासरोध आणि सीपॅप यंत्राचे पहिले दिवस

(जिल्हा परिषदेच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य मेळाव्यात ग्रामीण पाणीपुरवठा विभागातील एका निवृत्त उपअभियंत्याने केलेले भाषण)



आपल्याकडे घोरणारा मनुष्य सुखी समजला जातो. 'पाठ टेकली की घोरू लागतो' हे आपण कौतुकानेच म्हणतो. आणि घोरण्याचा त्रास झालाच तर तो शेजारी झोपणाऱ्याला होतो, अशी आपली समजूत असते. परंतु घोरता घोरता एखाद्याचा आवाज एकाएकी बंद पडतो, दहा-वीस सेकंद, क्वचित त्याहूनही अधिक काळ सारे सामसूम होते आणि मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास परत सुरू होतो, हे ज्या घरात रात्रभर चालते त्या घरातील मनुष्य सुखाने झोपलेला नसतो. तो रात्रभर झगडत असतो आणि सकाळी त्याला त्यातले काहीही आठवत नाही. या विकाराला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध, असे नाव आहे. तो मला आहे, आणि गेली चार वर्षे मी त्यावरील सीपॅप नावाचे यंत्र लावून झोपतो. आज मी रोगापेक्षा त्या यंत्राच्या सवयीविषयी अधिक बोलणार आहे. रोगाचे निदान आता जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागले आहे. यंत्रही विकत मिळते. परंतु विकत घेतलेली किती तरी यंत्रे महिन्याभरात कपाटात जाऊन बसतात, ही खरी अडचण आहे.

माझी सारी नोकरी नळ, पंप आणि टाक्या यांत गेली, म्हणून मी हा विषय माझ्या भाषेत सांगतो. पंपाच्या ओढीच्या बाजूस मऊ पाईप लावला तर काय होते? पंप सुरू होताच पाईपच्या भिंती एकमेकींस चिकटतात आणि पाणी येणे बंद होते. आपला घसा हा असाच मऊ पाईप आहे. जागेपणी त्याचे स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात. मान जाड असेल, जबडा मागे असेल, वजन वाढले असेल, तर छातीच्या ओढीने घसा चपटा होतो आणि हवा थांबते. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि पुन्हा झोप लागताच तेच सुरू होते. दहा सेकंद वा अधिक काळ हवा थांबली किंवा ठरावीक प्रमाणाबाहेर कमी झाली की एक घटना धरतात. तासाला अशा पाचपर्यंत घटना चालतात. पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तिसाच्या वर गेल्या तर विकार तीव्र, असे गणित आहे. माझ्या तपासणीत तासाला अडतीस आल्या होत्या.

याचा उपाय शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाणी नेण्यासाठी तो गुंडाळून ठेवता येणारा चपटा पाईप घेतो. पंप बंद असताना तो जमिनीवर फडक्यासारखा पडलेला असतो. मागून पाण्याचा दाब आला की गोल होऊन उभा राहतो. सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली नेमके हेच घशाच्या बाबतीत केले. नाकावर मास्क बसवून त्यातून सतत थोड्या दाबाची हवा सोडली, तर घसा मिटणार नाही, हा त्यांचा विचार. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर हवा फेकण्यासाठी वापरली आणि पहिल्या पाच रुग्णांची हकीकत १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याआधी तीव्र श्वासरोधावर गळ्याला कायमचे भोक पाडणे, हाच खात्रीचा उपाय होता. सुरुवातीच्या रुग्णांना तर मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवून घ्यावा लागे. आज पट्टे थोडे टोचतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवावी.

हा विकार पाश्चात्त्यांचा किंवा श्रीमंतांचा, असेही कोणी समजू नये. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला; आणि ज्यांना त्यापायी दिवसाही झोप आवरत नव्हती असे ७.५ टक्के होते. पाहणी पुरुषांची होती, म्हणून स्त्रिया यातून सुटल्या असे नाही. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातही हे प्रमाण वाढते. परंतु आपल्या घरात बाईचे घोरणे हा बोलण्याचा विषयच नसतो. सकाळची डोकेदुखी आणि दिवसभराचा थकवा कामाच्या नावावर खपून जातो.

आता यंत्राकडे येतो. लोकांचा पहिला गैरसमज असा, की ही ऑक्सिजनची नळी आहे. तसे नाही. खोलीतीलच हवा गाळून, थोडी दाबून ते आत सोडते. दुसरे भय दाबाचे. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरात मोजतात आणि बहुतेक यंत्रांत तो ४ ते २० पर्यंत ठेवता येतो. माझा १० आहे. म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. भरलेल्या तांब्याच्या तळाशी याहून फार कमी नसतो. गावच्या टाकीची उंची दहा मीटर धरली तर तिच्याखालच्या नळाला याच्या शंभर पट दाब असतो. फुप्फुसे फुटतील अशी धास्ती घेण्याचे काहीच कारण नाही. तिसरे भय करोनाने दिले. २०२० आणि २०२१ मध्ये अनेकांनी आपली माणसे असल्याच मास्कमध्ये शेवटची पाहिली. माझ्या घरी यंत्र आले तेव्हा माझी थोरली बहीण दाराशीच थबकली आणि 'याला इतके झाले आहे, आणि कोणी मला सांगितले नाही?' म्हणून रडू लागली. अशा वेळी रुग्णापेक्षा घरच्यांनाच आधी समजावून सांगावे लागते.

पहिल्या रात्री मास्क माझ्या तोंडावर दीड तास राहिला. दुसऱ्या रात्री त्याहून कमी. विक्रेत्याचा माणूस वीस मिनिटांत सारे जोडून, एकच मापाचा मास्क देऊन निघून गेला होता. श्वास आत घेणे सोपे वाटे; बाहेर सोडताना मात्र वाऱ्याविरुद्ध सायकल चालवावी तसे होई. हे जवळजवळ प्रत्येक नव्या रुग्णाचे होते, आणि यात मनोनिग्रहाचा प्रश्न फारसा नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. 'तुम्हांला सहन करण्याची तयारी नाही' असे रुग्णाला सुनावणारे पुष्कळ भेटतात. पण न बसणारा चष्मा कोणी जिद्दीने वापरत नाही, त्याची काच आणि दांडी बदलून घेतो.

मला उपयोगी पडलेली पहिली गोष्ट म्हणजे दिवसाची तालीम. मास्क झोपताना प्रथम लावायचाच नाही. सायंकाळी बातम्या ऐकताना पट्टे न बांधता तो नुसता हाताने नाकावर धरावा. मग पट्टे बांधावेत. मग यंत्र सुरू करावे. मग दुपारी अर्धा तास आडवे होऊन पाहावे. चार-सहा दिवसांत शरीराची धास्ती ओसरते. दुसरे असे, की यंत्रात दाब हळूहळू चढविण्याची सोय असते. पंपिंग स्टेशनमध्ये आपण व्हॉल्व्ह एकदम उघडत नाही, तसेच हे आहे. कमी दाबावर झोप लागते आणि पुढची वाढ कळतही नाही. अभ्यासांत असे आढळले आहे, की पहिल्या एक-दोन आठवड्यांत वापराची जी घडी बसते तीच बहुधा पुढे टिकते. म्हणून डॉक्टरांकडे पुन्हा जायचे ते तीन महिन्यांनी नव्हे, पहिल्याच पंधरवड्यात जावे आणि जाताना यंत्र व मास्क सोबत न्यावा. आजची यंत्रे किती तास वापर झाला, गळती किती, तासाला किती घटना उरल्या याची नोंद ठेवतात. त्या नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही, हे आपणा कार्यालयीन मंडळींनी ध्यानात घ्यावे!

गळती हा तर माझा जन्माचा विषय. हवा डोळ्यांकडे सुटू लागली की मनुष्य पट्टे आवळतो. नळाचा वॉशर फाजील आवळला की तो दबून अधिकच गळतो. मास्कची रबरी कड तशीच आहे. यंत्र चालू असताना, आडवे पडून, मास्क किंचित उचलून परत बसवावा आणि दोन बोटे जातील इतपतच पट्टा ठेवावा. तरीही गळत असेल तर माप किंवा प्रकार बदलावा. नाकपुड्यांशी टेकणारे, नाक झाकणारे आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारे असे तीन मुख्य प्रकार आहेत. दाढीमिशांवरून हवा निसटते. आमच्या एका ग्रामसेवक मित्राने भरघोस मिशीसाठी महिनाभर यंत्राशी भांडण मांडले आणि शेवटी नाकपुड्यांशी टेकणारा मास्क घेऊन मिशी राखली. मास्कवर बारीक छिद्रे असतात. ती गळती नव्हे. उच्छ्वासाची हवा तेथूनच बाहेर पडते. ती बुजवू नयेत, आणि थंडीत डोक्यावरून गोधडीही ओढू नये.

नाक कोरडे पडणे, चोंदणे, सकाळी घसा सुकणे या तक्रारी उन्हाळ्यात आमच्या भागात फार होतात. यंत्राला हवा ओलसर करणारी पाण्याची पेटी असते, ती याच कामाची. तीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी घातले तर तळाशी क्षार बसतो, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे पाणी श्वासासाठी नसतेच. पाणी रोज बदलावे, पेटी धुऊन वाळवावी. पावसाळ्यात व थंडीत नळीत पाण्याचे थेंब साचून गुडगुड आवाज येतो. तेव्हा ओलावा कमी करावा आणि यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावे, म्हणजे पाणी यंत्राकडे उतरते. आपल्याकडील धुळीत फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीआधीच काळा पडतो, तो पाहत राहावा. तोंड उघडे राहून हवा निघून जात असेल किंवा पोटात हवा जाऊन फुगत असेल, तर स्वतः दाब बदलू नये, डॉक्टरांना सांगावे.

विजेचा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. रात्री वीज गेली तर जीव गुदमरेल काय? नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळे असते, आणि पूर्ण मास्कमध्ये वीज जाताच बाहेरची हवा घेणारी झडप उघडते. मनुष्य बहुधा जागा होतो, एवढेच. घरातील इन्व्हर्टरवर यंत्र चालते. पाणी तापविण्याची सोय बंद ठेवली तर वीज बरीच कमी लागते.

किती वापरावे? रात्री किमान चार तास आणि दहापैकी सात रात्री, हे नियमित वापराचे मोजमाप धरले जाते. परंतु ते उत्तीर्ण होण्याइतके गुण आहेत. स्वप्नांची झोप उत्तररात्री अधिक असते आणि श्वासरोधही बहुधा तेव्हाच बळावतो. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणारा नेमका वाईट काळ उघडा टाकतो.

यंत्राने काय मिळते हेही मोजून सांगितले पाहिजे. माझी दिवसाची झोप दोन आठवड्यांत गेली. रात्री चार वेळा लघवीला उठणे एकावर आले. रक्तदाब काहीसा उतरतो, पण औषधे आपल्या मनाने बंद करता येत नाहीत. हृदयविकार टळतो का, या प्रश्नाचे उत्तर तितके सरळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, आधीच हृदयरोग वा मेंदूचा झटका येऊन गेलेल्या सुमारे २,७०० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीपॅपने पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची झोप आणि प्रकृतीमान मात्र सुधारले. त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री साडेतीन तासांच्याही आत होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. शिवाय यंत्र हा उपचार आहे, रोगमुक्ती नव्हे. ज्या रात्री लावले नाही त्या रात्री विकार परत येतो. वजन उतरविणे त्याच्याबरोबर चालूच राहिले पाहिजे. दारू आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा अधिक सैल करतात. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा विकार आधी सांगावा.

आपण सारे कोठे ना कोठे अधिकाराच्या जागी आहात, म्हणून दोन गोष्टी मागतो. आढावा बैठकीत डुलकी घेणाऱ्या कर्मचाऱ्यावर हसण्यापूर्वी त्याची चौकशी करा. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची, चोवीस गुणांची एक साधी प्रश्नावली आहे. वाचताना, बसमध्ये बसल्यावर, जेवणानंतर झोप लागण्याचा संभव किती, एवढेच ती विचारते. दहाच्या वर गुण पडणे चांगले नव्हे. शिक्षकांना असा पेपर तपासणे कठीण नाही. आणि जीपचालक, शाळेच्या गाडीचे चालक यांची तपासणी आधी करा, कारण त्यांची डुलकी एकट्याची नसते. दुसरे, प्रशिक्षणाच्या निवासी शिबिरात एखाद्याने पेटी उघडून मास्क लावला, तर त्याला प्लगजवळची खाट द्या आणि त्याचा फोटो काढत बसू नका. अशा एका रात्रीच्या चेष्टेने कित्येकांची यंत्रे कायमची बंद पडली आहेत.

माझे यंत्र येथे टेबलावर ठेवले आहे. शेजारी तिन्ही प्रकारचे कोरे मास्क आहेत. प्रत्येकाने वापरल्यावर पुसण्यासाठी कापूस व स्पिरिट ठेवले आहे. चहाच्या सुट्टीत ज्यांना दहा सेंटिमीटरचा दाब नाकाला कसा लागतो हे पाहायचे असेल, त्यांनी यावे. ज्यांच्या घोरण्याविषयी घरून तक्रार आहे, त्यांनी घरच्या माणसालाही बरोबर आणावे. कारण तपासणीच्या वेळी डॉक्टर पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात.